मार की टाकसाळ

"मार! मार आहे हा! शंभर वेळा मार! कोन म्हनते टाकसाळ? समोर या!"

आमच्या अमरावतीच्या शाळेचा हॉल इंग्रजांच्या काळचा, चुनखडीचा, चांगला मजबूत. पण त्या सकाळी दौलतराव गावंडे त्यात असे ओरडले, की तुळईवरची कबुतरं उडाली ती थेट बडनेऱ्याला जाऊन उतरली आणि पुढचे तीन महिने परत फिरकली नाहीत. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. कबुतरांना विचारा.

हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. पन्नास-साठ माणसं जमली होती. दौलतरावांच्या एका हातात राणीछाप रुपया होता आणि दुसऱ्या हातात मी स्वतः बोरूनं लिहिलेली चिठ्ठी: 'टाकसाळीची दुर्मिळ चूक'. रुपया कासमभाई घड्याळवाल्यांचा. ते समोर उभे होते. हात जोडले नव्हते, पण जोडल्यासारखेच दिसत होते.

"काकाजी," कासमभाई म्हणाले, "एक बार तोलून तर पाहा."

"तोलायची गरज नाई! डोये फुटले काय माहे? खचलेलं हाय हे! खचलेलं ते बाजाराचं! शिकंज्यात धरून दाबला हाय हा रुपया. आन् शिकंजा कोनापाशी राह्यते? घड्याळवाल्यापाशी!"

माझ्या सुंदर अक्षराचे चार तुकडे झाले आणि फरशीवर पडले.

हा माणूस मला कधीही आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की मास्तर आता गहिवरणार. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. दौलतरावांनी जिवंत माणसाबद्दल कधी चांगला शब्द काढल्याचं मला आठवत नाही, तेव्हा फिट्टंफाट.

दौलतराव अकोल्याचे. सरकारी खजिन्यात पोतदार होते. म्हणजे खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं हाताखालून घालायचं, खरं आत, खोटं बाहेर. तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर सरकारनं खजिना काढून घेतला, पण त्यांची पारख काढून घ्यायला विसरलं. मग ताजनापेठेजवळच्या घराच्या ओट्यावर बसून ते साऱ्या वऱ्हाडाची नाणी फुकट पारखून द्यायला लागले. पैसे घेत नसत. घेतले असते तर बरं झालं असतं, लोक कमी गेले असते आणि अपमानही कमी झाले असते.

ते दिवस नव्या पैशाचे. आणे-पै जाऊन नवे पैसे आले होते, आणि घरोघर जुन्या डब्यांची उलथापालथ चालली होती. कुणीतरी आवई उठवली, की टाकसाळीत चुकून वाकडंतिकडं छापलेलं नाणं सापडलं तर मुंबईचा शेठ त्याचं सोनं करतो. झालं! ज्याला म्हणून वाकडा पैसा सापडला तो अकोल्याच्या गाडीत बसला. देवघरातला, कडदोऱ्यातला, पिठाच्या डब्यातला, म्हशीच्या गळ्यातला, सगळा भंगार-पैसा दौलतरावांच्या ओट्यावर येऊन पडे.

त्यांचे निकाल दोनच. 'मार' म्हणजे नाणं टाकसाळीतून धडधाकट निघालं होतं, नंतर बाजारात मार खाऊन बिघडलं. असल्या नाण्याला चहासुद्धा कुणी पाजत नाही. आणि 'टाकसाळ' म्हणजे नाणं जन्मतःच चुकलेलं. खरी किंमत त्याला. आयुष्यात त्यांनी 'मार' हा शब्द लाखभर वेळा उच्चारला असेल. 'टाकसाळ' म्हटलेलं ऐकणारा माणूस भेटला तर लोक त्याच्या पाया पडत.

अंगात बारा महिने बंद गळ्याचा काळा कोट. मे महिन्यात अकोल्यात माणसाची सावलीसुद्धा उन्हाला भिऊन त्याच्याच पायाखाली शिरते, तेव्हाही हा कोट. कोटाच्या एका खिशात सोनाराचा छोटा काटा, दुसऱ्यात साखळीचं चांदीचं घड्याळ. डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, कैरीच्या फोडीएवढं. नाणं हातात घेतलं की आधी हुंगायचे. मग काट्यात घालून तोलायचे. मग दगडी पायरीवर टाकून आवाज ऐकायचे. आणि शेवटी डोळे मिटून नाण्यावरून नख फिरवायचे, हळूहळू, आंधळ्यानं नातवाचा चेहरा चाचपावा तसं. मग डोळे उघडायचे आणि नाण्याकडे नव्हे, मालकाकडे बघून म्हणायचे, "मार."

कारण विचारलं तर एकच वाक्य, "उठलं ते टाकसाळीचं, खचलं ते बाजाराचं." याचा अर्थ सोपा. टाकसाळीत नाणं ठशाखाली छापतात. ठशालाच तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. घरी खिळ्यानं ओरखडा पडला तर रेघ खोल जाते. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, नखाला नाही. आणखी एक वाक्य होतं: "नाण्याले विचारायचं, मालकाले नाई. टाकसाळ झोपते, पन खोटं बोलत नाई. मानूस जागा राहून खोटं बोलते."

माझी त्यांची पहिली भेट याच ओट्यावरची. माझ्याकडे पंचम जॉर्जचा एक तांब्याचा पैसा होता, कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आकाराची मला जाण. ही कोर म्हणजे टाकसाळीत चकती कापतानाच राहिलेली खोट, अशी माझी खात्री. बायकोलाही मी तसं सांगून ठेवलं होतं, आणि तिनं ते माहेरी सांगून ठेवलं होतं.

दौलतरावांनी हुंगलं, तोललं, वाजवलं, नख फिरवलं.

"कात्री," ते म्हणाले.

"काय?"

"लोहाराची कात्री. पत्रा कापायची. चकतीच जलमाची अपुरी असती, तं समोरच्या बाजूची कडही मरगळली असती. धातू कमी पडला की दोनी कडे दबाव कमी पडते. तुह्या पैशाची समोरची कड पाह्य, पहेलवानावानी उभी हाय. कोनं कापला, तूनं?"

"मी? मी कशाला कापू?"

"मले काय मालूम? ड्रॉइंगमास्तर ना तू. कापाकापीची सवय असन."

ओट्यावर दहा माणसं बसली होती. दहाही हसली. मी अमरावतीला परत येईपर्यंत ते हसू मोटारीच्या मागे धावत होतं. मूर्तिजापूरला मी वळून पाहिलं तर ते अजून येतच होतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या गोष्टी गोळा करायला लागलो. माणसाचा सूड घ्यायचा तर त्याची माहिती हवी. पण माहिती काढावी तितकी पंचाईत वाढत गेली, कारण गडी नुसता बोलघेवडा नव्हता. त्यांच्याकडे एक सागवानी पेटी होती. तिला ते मारपेटी म्हणत. तिच्यात शेकडो पुड्या, प्रत्येक पुडीत एक बिघडलेलं नाणं आणि एक चिठ्ठी. सगळी नाणी त्यांनी स्वतः बिघडवलेली. 'मालगाडीखाली.' 'खलबत्त्यात.' 'चुन्यात एक महिना.' 'बैलगाडीचं चाक, भरलेली गाडी.' 'बैलगाडीचं चाक, रिकामी गाडी.' कुणाचंही नाणं 'मार' ठरवलं की ते तसाच मार देऊन आपल्या नाण्याचं जुळं तयार करायचे. जुळं जमलं की मन शांत. एकदा रुळावर पैसा ठेवून ते मालगाडीची वाट बघत बसले, तेव्हा रेल्वेच्या सांधेवाल्याला वाटलं म्हातारा जीव द्यायला आला आहे. त्यानं यांना दोन्ही काखांत धरून उचललं. "सोड बे!" हे ओरडत होते, "मले नाई मरायचं, राजाले मारायचं हाय!" पैशावर राजाचं डोकं होतं हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्यानं आणखी घट्ट धरलं.

लेकीच्या सोयरिकीची गोष्ट तर साऱ्या अकोल्याला पाठ होती. मुलाकडची मंडळी घर बघायला आली, पोहे झाले, सुपारी फुटायची तेवढी बाकी. मुलाच्या आजोबांनी कौतुकानं घराण्याचा रुपया काढला. राणीच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी खूण. आजोबा म्हणाले, "टाकसाळीतूनच कुंकू लावून आली होती आमची लक्ष्मी. चार पिढ्या पुजून राहिलो."

दौलतरावांच्या बायकोनं पदर तोंडाशी नेला. तिला कळलं होतं पुढे काय होणार.

रुपया काट्यात तोलला गेला, मग नख फिरलं. "मार. खिळा. तीन इंची."

"अहो व्याही..."

"हातोडीचा एकच दणका. मारनारा डावखुरा होता."

आजोबा डावखुरे होते. सोयरीक तिथंच मोडली. भावकीतले लोक म्हणाले, दौलतराव, माफी मागा, अजून सावरेल. तर म्हणतात, "कोनाची? खिळ्याची?" लेकीचं लग्न पुढे तीन वर्षं जमलं नाही. ती तीन वर्षं त्यांची बायको त्यांना वाढताना ताटात भाकर टाकायची ती दगडी पायरीवर रुपया वाजवून पाहावा तशी टाकायची.

आणि 'टाकसाळ'? तेही एकदा माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी दुसरं एक नाणं घेऊन अकोल्याला गेलो होतो. (हो, गेलो. माणूस ज्याचा द्वेष करतो त्याच्याकडेच पुन्हा पुन्हा जातो.) एक भाजीवाली टोपली उतरवून ओट्याला टेकली होती. भाजी घेतल्यावर तिनं दौलतरावांना सुट्ट्या पैशांत एक जुना पैसा परत दिला. राजाच्या हनुवटीपासून मुकुटापर्यंत त्याच्यावर एक रेघ. आम्हा सगळ्यांना तो ओरखडा वाटला. दौलतरावांनी सवयीनं नख फिरवलं आणि थांबले. पुन्हा फिरवलं. मग उठून आत गेले, टोपी घालून बाहेर आले, आणि उभ्यानंच हळू आवाजात म्हणाले, "टाकसाळ."

त्या माणसाचा आवाज हळूही होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

"बाई," ते म्हणाले, "हे नानं तुहं हाय, मी घेत नाई. पन हे खर्चू नोको. पेटीत ठेव. ठसा तडकला तवाचं हाय हे."

"हो जी," म्हणत बाईनं टोपली उचलली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्या पैशाची तंबाखू घेतली. मग आठ दिवस दौलतराव अकोल्यातल्या प्रत्येक पानवाल्याचा गल्ला उपसत फिरत होते. सापडला नाही. पण त्या बाईवर ते ओरडले नाहीत. हे मी नोंदवून ठेवतो, कारण नंतर मला लोक म्हणतील मास्तर एकांगी आहे.

आता अमरावतीच्या प्रदर्शनाकडे येतो, कारण त्यात माझं पाप आहे.

आमच्या नाणी जमवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. मी चिटणीस, म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा. वकीलसाहेबांपाशी एक नाणं होतं, भोकाच्या पैशातला बिनभोकाचा पैसा. लढाईच्या दिवसांत मधे भोक असलेले पैसे निघाले होते. हा त्यातलाच, पण भोक पाडायचं राहून गेलेला. निदान वकीलसाहेबांचं म्हणणं तसं. त्या एका न पडलेल्या भोकावर ते सात वर्षं अध्यक्ष होते. मला संशय होता. मी ठरवलं, अकोल्याची तोफ अमरावतीवर आणायची. मंडळाच्या कागदावर मीच पत्र लिहिलं: 'आपल्या पारखेचा लाभ आम्हांस व्हावा.' अक्षर इतकं वळणदार काढलं, की दगड असता तरी आला असता.

दौलतराव आले. बिनभोकाचा पैसा हातात घेतला, हुंगला आणि उदबत्तीशेजारच्या समईवर धरला. मिनिटभरात मधून कथलाचा थेंब टपकन् पडला आणि भोक परत आलं. त्या भोकातून त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. "मार," म्हणाले.

हॉल कोसळला! लोक बाकांवर चढून हसले. मी तर इतका हसलो, की फळ्याला धरून उभा राहिलो. टाळ्या पडल्या. दौलतरावांना उभ्या जन्मात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. शिव्या ऐकायची सवय असलेल्या माणसाला टाळ्या चढतात, रिकाम्या पोटी भांग चढावी तशा. तसेच ताठ मानेनं ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं कासमभाईंचा रुपया होता.

कासमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान इतवारा बाजाराच्या तोंडाशी, जेमतेम एक माणूस बसेल एवढं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडात अर्धा शब्द. गावातला सावकारही आपलं सोन्याचं घड्याळ त्यांच्याकडे उघडं टाकून बाजार करून यायचा. त्यांचा रुपया नवलाचा होता. एका बाजूला राणीचा चेहरा नेहमीसारखा, उठावदार. उलटवला तर मागे 'एक रुपया' नाहीच, पुन्हा राणी. पण उलटी आणि खोल, साच्यात दिसावी तशी. कासमभाई मेकॅनिक डोक्याचे, त्यांनी स्वतःच उलगडा केला होता: "पहिला रुपया छापून झाला, पण निघालाच नाही, खालच्या ठशाला चिकटून बसला. त्याच्यावर नवी चकती आली. वरून ठसा पडला. मंग नव्या चकतीच्या पाठीवर पहिल्या रुपयाची राणी उलटी धसणार का नाही?"

हेच ते दौलतरावांना सांगायला गेले. पण दौलतरावांचं नख त्या खोल राणीत उतरलं, आणि तीस वर्षांचं वाक्य तोंडातून सुटलं. खचलं ते बाजाराचं. त्यांनी रुपया हुंगला नाही, वाजवला नाही, आणि ज्या माणसानं होणाऱ्या व्याह्यांचा रुपया तोलल्याशिवाय हातावेगळा केला नव्हता, त्यानं तो तोललाही नाही. काटा कोटाच्या खिशातच राहिला. "एक बार तोलून तर पाहा," यात कासमभाईंचं काही अवघड मागणं नव्हतं. रुपया एक तोळ्याचा. पाठ घासून सपाट करून मग दुसरी राणी दाबली असती तर वजन घटलं असतं. शेंबडं पोरही सांगेल.

पुढे काय झालं ते मी सुरुवातीला सांगितलं आहेच. मी त्या वेळी काय केलं तेही सांगतो. फरशीवरचे चिठ्ठीचे चार तुकडे उचलले आणि खिशात घातले. तोंड उघडलं नाही. वकीलसाहेबांच्या भोकाचा आनंद अजून माझ्या तोंडात विरघळत होता.

दुसऱ्या दिवशी कासमभाई एका सराफाकडे गेले आणि रुपया तोलून आणला. भरला तोळा, झीज जाऊन जेवढा भरावा तेवढा. पण वऱ्हाडात एकदा 'अकोल्याच्या दौलतरावांनी मार म्हटलं' असं पसरलं, की तुम्ही ब्रह्मदेवाच्या काट्यावर तोलून आणा. इतवाऱ्यात कुजबुज सुरू झाली. जो माणूस रुपयाची पाठ बदलतो, तो घड्याळाच्या चाकांखाली बसवलेले मोलाचे लाल खडे बदलत नसेल कशावरून? सावकार आता घड्याळ उघडं टाकून बाजाराला जाईना. समोर स्टुलावर बसून कासमभाईंच्या बोटांकडे टक लावून बघायचा. मग तोही येईना. एक जण तर दुरुस्त झालेलं घड्याळ दुसऱ्या कारागिराकडे नेऊन खडे मोजून आला. बरोबर भरले. पण मोजले, हे सगळ्या बाजाराला कळलं.

मी रोज शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन बसायचो. माझ्या घड्याळाला काही झालं नव्हतं, मला झालं होतं. "कासमभाई, आपण अकोल्याला जाऊ, त्याच्या ओट्यावर काटा मांडू," मी म्हणायचो.

"कायले?" ते भिंगातून वर न बघता म्हणायचे.

आणि अकोल्याला काय चाललं होतं? ते मला नंतर कळलं. दौलतराव प्रदर्शनातून घरी गेले, मारपेटी उघडली, आणि दोनतोंड्या राणीचं जुळं करायला बसले. एका जिनिंग फॅक्टरीतल्या फिटरचा मोठा शिकंजा त्यांनी ताब्यात घेतला. घरातले चांदीचे रुपये एकेक करून त्यात घातले. बायकोनं अंथरुणाखाली दडवलेलेसुद्धा. पाठीवर दुसरी राणी उमटायची, पण मागचं 'एक रुपया' भुतासारखं खालून डोकवायचं, आणि समोरची राणी चपटी व्हायची. चामडं लावलं. शिसं लावलं. पाठ घासून पाहिली, तर वजन पडलं. शेवटी म्हणे कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये रुपया घातला. गाठीच्या ऐवजी आख्खी प्रेस हादरली आणि अर्ध्या अकोल्याला भूकंप वाटला. हे मला फिटरनं सांगितलं, आणि फिटर माझ्याहूनही थापाडा होता. पण जुळं झालं नाही, एवढं खरं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते इतवाऱ्यात, बाजाराच्या दिवशी, भर अकरा वाजता. अकोल्याच्या मोटारीतून उतरून तरातरा चालत आले. काळा कोट, काखेत मारपेटी. दुकानासमोर उभे राहिले आणि ओरडले:

"टाकसाळ! टाकसाळ हाय तो रुपया! कोन म्हनते मार? समोर या!"

समोर कोण येणार? तसं म्हणणारा तोच तर उभा होता. बाजार थांबला. संत्रेवाला, शेंगावाला, सावकार, सगळे गोळा झाले. दौलतरावांनी पेटी दुकानाच्या फळीवर ठेवली आणि एकेक पुडी सोडत गेले. चौदा रुपये. चौदाही विद्रूप.

"पाहा, हा चामडं लावून. हा शिसं लावून. याची पाठ घासली, दोन गुंजा कमी भरला. चौदा मारले, एकही जुळा नाई झाला. जे मले मारता येत नाई, ते मार नाई. कान उघडून ऐका बे सारे! पन्नास लोकाइसमोर बोललो, म्हनून शंभर लोकाइसमोर बोलून राहिलो. मीनं तोललं नाई. गलती माही हाय. या मानसाच्या हाताची नाई."

मला वाटलं आता कासमभाई उठतील. ते चिमट्यानं एक चाक बसवत होते. बसवून झालं.

"बापू," दौलतराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला. भाजीवालीच्या पैशाच्या वेळचा तो आवाज. खिशातला काटा काढून त्यांनी फळीवर मांडला. "काढ तो रुपया. एक डाव पाहू दे. आता तोलतो."

"नाही आहे," कासमभाई म्हणाले.

"इकला?"

"गाळला. घरवालीच्या पायलमध्ये गेला. ज्याच्यानं हातावर शक आला, तो घरात कायले ठेवू?"

काट्याची पारडी वाऱ्यानं थोडी हलत होती. दौलतरावांनी ती धरून थांबवली. मग स्टुलावर बसले, सावकार बसायचा त्याच स्टुलावर. ते नख, साऱ्या वऱ्हाडाची नाणी फाडणारं, ते फळीच्या कडेवर उगीच फिरत होतं. उठलेलं काही सापडतं का बघत असावं. सहा फुटांचा माणूस बसल्या जागी एवढा लहान झाला, की मला क्षणभर... पण मी आधीच सांगितलं आहे, मी गहिवरणार नाही.

चौदा रुपये पेटीत परत भरले. मग त्यांनी कोटाच्या दुसऱ्या खिशातून साखळीचं चांदीचं घड्याळ काढलं, सगळ्या बाजाराला दिसेल असं वर धरलं आणि कासमभाईंपुढे ठेवलं.

"हे दुरुस्त करून दे. मी आठ दिवसानं येतो. इथंच राहू दे, उघडं."

"काय झालं याला?"

"मांगं पडते."

शंभर माणसं बघत होती. शेंगावाल्यानं भाजायचं थांबवलं होतं. कासमभाईंनी घड्याळ कानाला लावलं. झाकण उघडलं, डोळ्याला भिंग चढवलं आणि सावकाश, एकेक चाक करत आत पाहिलं. दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी काटे ताडून पाहिले. मग झाकण लावलं, फडक्यानं पुसलं, आणि एका बोटानं फळीवरून दौलतरावांकडे सरकवलं.

"बराबर चालून राहिली, काकाजी. काही बिघाड नाही. घेऊन जा."